लुकलुकणारा मीटर आणि नवी कोरी बॅटरी

या खेपेला डॅशबोर्डच्या दिव्यांबद्दलची पत्रं इतकी आली की टायर आणि ब्रेकच्या शंका पुढच्या अंकावर ढकलाव्या लागल्या. पत्र लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. नुसतं ‘दिवे लुकलुकतात’ एवढ्यावर मला काही सांगता येत नाही. कुठले दिवे? आकडे वाचता यावेत म्हणून मीटरमध्ये पडणारा उजेड, की बॅटरी, ऑइल, ब्रेक अशी चित्रं असलेले इशाऱ्याचे दिवे? त्यांच्यासोबत हेडलाइटही थरथरतात का? गाडी उभी असताना होतं, खड्ड्यात आदळल्यावर होतं, की वळताना? एवढं कळलं की निम्मा शोध पत्रातच लागतो. ज्यांनी ते नीट लिहिलं, त्यांचीच पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : ताई, रात्री सिग्नलला गाडी थांबली की डॅशबोर्डचा उजेड भराभर कमीजास्त होतो. समोरच्या गाडीवर पडलेला माझ्या हेडलाइटचा प्रकाशही तसाच थरथरताना दिसतो. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की सगळं स्थिर. गॅरेजमध्ये बॅटरी गेली म्हणाले, म्हणून नवी बसवली. फरक शून्य. उलट दोन दिवस गाडी उभी राहिली तर नवी बॅटरीसुद्धा सेल्फ मारायला कुरकुरते. आता मीटर बदला म्हणतात. गाडी पेट्रोलवरची, दहा वर्षांची. बदलू का?

उत्तर : नका बदलू. हेडलाइट आणि मीटर एकाच तालात थरथरत असतील तर दोष त्या दोघांतही नाही. दोघांना वीज जिथून मिळते, तिथे तो आहे. म्हणजे बॅटरी, अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवणारा, गॅरेजमध्ये ज्याला डायनामो म्हणतात तो), त्याचा बेल्ट आणि अर्थिंग (वीज बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरी), एवढ्यातच शोधायचं. बॅटरी तुम्ही बदललीच आहे. राहिलेल्या तिघांत कोण चुकतंय हे एका साध्या डिजिटल मल्टिमीटरने, म्हणजे वीज मोजायच्या छोट्या यंत्राने, कळतं. तो नसेल तर कुणाचा तरी मागून आणा. पार्ट बदलत बदलत दोष शोधायची पद्धत मला मुळीच मान्य नाही. तीत दोष सापडतो तो नशिबाने, आणि तोवर चांगले पार्ट भंगारात गेलेले असतात.

आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा. गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी आणि दार उघडून, दिवे लावून तिला जागं केलेलं नसावं. मल्टिमीटरच्या सुया बॅटरीच्या खांबांवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली असेल तर ती रिकामीच समजा. नव्या बॅटरीतही सकाळी १२.२ दिसत असेल, तर तिला नीट चार्ज मिळत नाही किंवा रात्रीत कुणीतरी ती पीत आहे.

मग गाडी सुरू करा. सगळे दिवे, ब्लोअर बंद असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आता हेडलाइट, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा हीटर, सगळं एकदम लावा आणि इंजिन आयडलवरच, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू राहू द्या. आकडा थोडा उतरेल, ते चालतं. १३ च्या खाली घसरून तिथेच बसला, तर अल्टरनेटर कमी पडतोय किंवा बेल्ट घसरतोय. उलट १५ च्या वर गेला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. मग बल्ब उडायला लागतात आणि बॅटरी उकळते. एक अपवाद लक्षात ठेवा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवायला तो मुद्दाम व्होल्टेज १२.५ पर्यंत उतरवतो, आणि ब्रेक लावल्यावर पुन्हा चढवतो. अशा गाडीत एकाच आकड्यावरून अल्टरनेटरला दोषी ठरवू नये. लोड टाकल्यावर आकडा चढतो का, ते बघावं.

आता तुमच्या गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाची तपासणी. अल्टरनेटर मुळात एसी, म्हणजे सारखी दिशा बदलणारी वीज तयार करतो, तीन फेजमध्ये. ती डीसी, म्हणजे एकाच दिशेची करायला आत डायोडची प्लेट असते. त्यातला एक डायोड गेला तरी चार्जिंग पुरतं थांबत नाही, पण प्रत्येक फेऱ्यात विजेला एक खळगा पडतो. आयडलला इंजिन हळू फिरतं, तेव्हा दिवे थरथरताना दिसतात. ॲक्सिलरेटर दाबला की डोळ्यांना उजेड सलग वाटतो. दोष गेलेला नसतो, फक्त दिसेनासा झालेला असतो. तपासायला मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, सुया पुन्हा बॅटरीच्या खांबांवर, इंजिन आयडलवर आणि हेडलाइट चालू. चांगल्या अल्टरनेटरवर आकडा जवळजवळ शून्य राहतो. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर डायोड प्लेटवर संशय घ्यायला हरकत नाही.

पण त्याआधी मल्टिमीटरचीच परीक्षा घ्या. इंजिन बंद असताना याच रेंजवर बॅटरीला सुया लावा. शून्य यायला हवा. काही स्वस्त मल्टिमीटर इथे पंचवीस-तीस दाखवतात, कारण त्यांना एसी-डीसी वेगळं करता येत नाही. तसं झालं तर या तपासणीसाठी तो उपयोगाचा नाही. दुसरा आणा.

डायोड दोन तऱ्हांनी जातो, हेही सांगून ठेवते. तुटला तर नुसती लुकलुक आणि चार्जिंग कमी. पण गळका झाला तर गाडी उभी असताना त्यातून करंट उलटा वाहत राहतो. तुमची नवी बॅटरी दोन दिवसांत कुरकुरते, त्याचं कारण बहुतेक हेच. तसं असेल तर दुसरी नवी बॅटरी आणलीत तरी तिचीही हीच गत होईल. खात्री करायची असेल तर रात्री अल्टरनेटर गरम होतो का ते बघा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कित्येक तासांनीही अल्टरनेटरचं अंग आसपासच्या लोखंडापेक्षा कोमट लागलं, तर तो डायोड गळतोय. अनेकदा नुसती डायोड प्लेट आणि रेग्युलेटर बदलून काम होतं, पूर्ण अल्टरनेटर घ्यावा लागत नाही. बाकावर उघडलाच आहे तर कार्बनही (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे ब्रश) बघून घ्यायला सांगा.

डायोड चांगला निघाला तर अर्थिंगकडे वळा. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड वायर बॉडीला जाते, आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून एक पट्टी बॉडीला किंवा बॅटरीला. ती नुसती बघून चालत नाही. वरचं आवरण ठणठणीत आणि आत तांबं हिरवं पडून भुगा झालेलं, असं मी पुष्कळदा कापून दाखवलंय. मल्टिमीटर डीसीवर ठेवा. इंजिन चालू, दिवे आणि ब्लोअर चालू. एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत राहायला हवा. मग दुसरी सुई बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर लावून बघा. जिथे आकडा जास्त येईल, तिथलं कनेक्शन उघडून, घासून, पुन्हा कसायचं. इंजिन चालू असताना सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस बेल्टपासून लांब ठेवा.

बेल्टबद्दल थोडक्यात सांगते. इंजिन बंद करून हाताने बघा. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, चिरा पडल्या असतील, किंवा ओल्या हवेत गाडी सुरू करताना चिरकत असेल, तर तो घसरतोय. पुष्कळ नव्या अल्टरनेटरच्या पुलीत एकाच दिशेने पकडणारी यंत्रणा असते. ती बिघडली की बेल्ट फडफडतो आणि दिवेही त्याच्या मागे नाचतात.

आणखी एक साधी गोष्ट बघायची राहून जाते. दिवे थरथरतात तेव्हा आरपीएमचा काटाही वरखाली होतो का? होत असेल तर इंजिनचं आयडलच अस्थिर आहे, आणि विजेवाल्याकडे जाण्याआधी थ्रॉटल (इंजिनला हवा सोडणारी झडप) साफ करून घ्यायला हवा. आणि एसीचा कॉम्प्रेसर किंवा रेडिएटरचा पंखा सुरू होताना, किंवा उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना, उजेड एकदाच किंचित दबून लगेच सावरत असेल तर तो दोषच नाही. त्याच्या मागे लागू नका.

प्रश्न : माझ्या गाडीत हेडलाइट उत्तम आहेत. फक्त मीटरचा उजेड अधूनमधून जातो. रस्ता खराब असला की जास्त. डॅशबोर्डवर थाप मारली की येतो. थाप मारणं चालू ठेवावं का?

उत्तर : थापेने येतो, म्हणजे कुठेतरी सांधा ढिला आहे हे तुम्ही सिद्धच केलंय. आता तो कुठे आहे ते शोधायला थापेपेक्षा हलका हात लागतो.

सुरुवात डिमरच्या चाकापासून करा. मीटरचा उजेड कमीजास्त करायचं जे छोटं चाक असतं, ते वर्षानुवर्षं एकाच जागी राहतं आणि आतली पट्टी तेवढीच झिजते किंवा काळी पडते. रात्री गाडी उभी करून ते चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा. फिरवताना उजेड उड्या मारत असेल तर चोर तिथेच आहे. फिरवल्यावर काही दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तेव्हा ते स्विच बदलावं. बटणांनी उजेड बदलणाऱ्या गाड्यांत हा प्रकार नसतो.

चाक निर्दोष असेल तर एसीची बटणं, रेडिओ, पॉवर विंडोचे स्विच यांच्यातला उजेडही त्याच वेळी जातो का ते बघा. तोही जात असेल तर त्या सगळ्यांचा फ्यूज आणि त्याची पकड तपासा. फ्यूज जळलेला नसला तरी त्याची खाच सैल झालेली असते. फक्त मीटरच जात असेल तर मीटरच्या मागचा कप्लर (वायरी जोडणारा प्लग), आणि त्यामागे बोर्डावरचं सोल्डर. कप्लरच्या पिना बोर्डाला जिथे जोडलेल्या असतात तिथे सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. भिंगाशिवाय ती दिसत नाही. ती पुन्हा सोल्डर केली की मीटर पुढे वर्षानुवर्षं चालतो, आणि हे काम मला स्वतःला फार आवडतं, कारण नव्या मीटरचा खर्च वाचतो आणि किलोमीटरचा आकडाही तोच राहतो.

मात्र मीटर घरी काढू नका, असं सांगेन. निदान बॅटरीची वायर काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय तरी नकोच. त्या भागात पिवळे कप्लर असतात, ते एअरबॅगचे. त्यांना मल्टिमीटरची सुईसुद्धा लावायची नाही.

प्रश्न : मोबाइलवर डॅशबोर्डचा व्हिडिओ काढला तर आकडे जोरात लुकलुकताना दिसतात. डोळ्यांना तर अगदी स्थिर दिसतात. काही बिघडलंय?

उत्तर : नाही. आजच्या मीटरमधले एलईडी मंद करायला त्यांना कमी वीज देत नाहीत, फार वेगाने चालू-बंद करतात. डोळ्यांना तो वेग कळत नाही, कॅमेऱ्याला कळतो. व्हिडिओ गॅरेजमध्ये दाखवू नका. काही ना काही दुरुस्त करून मिळेल.

प्रश्न : वळणावर गाडी वळवली की ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागतो आणि जातो. हँडब्रेक पूर्ण खाली असतो. वायरिंग लूज असेल का? आईच्या गाडीत ऑइलचा लाल दिवाही आयडलला कधीकधी असाच करतो, म्हणून दोन्हींचं एकदमच विचारते.

उत्तर : हे वरच्या पत्रांसारखं नाही. इथे दिवा बिघडलेला नाही, दिवा काहीतरी सांगतोय. वायरिंग शोधत बसू नका.

ब्रेक ऑइलच्या डब्यात एक तरंगता फ्लोट असतो. ऑइल कमी झालं की वळणावर ते एका बाजूला जातं, फ्लोट खाली येतो आणि दिवा लागतो. डब्यावर मिन आणि मॅक्सच्या खुणा आहेत, त्या बघा. पातळी मिनच्या जवळ असेल तर नुसतं ऑइल ओतून विषय संपवू नका. ब्रेक पॅड झिजले की ऑइल आपोआप खाली उतरतं, त्यामुळे पॅड तपासा. पॅड जाड असतील तर गळती शोधा, चारही चाकांच्या आतल्या बाजूला. आणि पॅडल मऊ लागत असेल, खाली जात असेल, तर गाडी चालवूच नका.

ऑइलचा लाल दिवा मात्र त्याहून तातडीचा. तो इंजिनमधल्या ऑइलच्या दाबाचा आहे. लुकलुकला तरी इंजिन लगेच बंद करायचं, ‘घरापर्यंत पोचू’ नाही. गाडी सपाट जागी उभी करून काही मिनिटांनी डिपस्टिकने पातळी बघा. कमी असेल तर भरा. पातळी बरोबर असूनही आयडलला, इंजिन गरम झाल्यावर दिवा लागत असेल, तर ऑइल पातळ झालंय किंवा चुकीच्या ग्रेडचं आहे, पंप किंवा बेअरिंग झिजलंय, किंवा प्रेशर स्विच खराब आहे. शेवटची शक्यता सगळ्यांना हवीशी वाटते, म्हणून मेकॅनिकला स्विचच्या जागी गेज लावून खरा दाब मोजायला सांगा. तो मोजल्याशिवाय आईंनी गाडी बाहेर काढू नये.

याच ओळीत तिसरं. इंजिनचं पिवळं चित्र नुसतं लागलेलं असेल तर सवडीने तपासा. ते उघडझाप करत असेल आणि गाडी धक्के देत असेल, तर सिलिंडर मिसफायर होतोय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन त्याला जाळतंय. ॲक्सिलरेटर सोडा, हळू चालवा, जवळात जवळ थांबा.

प्रश्न : चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली नाही तर अल्टरनेटर चांगला, असं आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक सांगतात. करून बघू का?

उत्तर : अजिबात नाही. चालू अल्टरनेटरवरून बॅटरी अचानक निघाली की व्होल्टेज एका झटक्यात कित्येक पटींनी उसळतं. कॉम्प्युटर नसलेल्या गाड्यांत ते खपून जायचं. आज त्या एका झटक्यात इंजिनचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, मीटर आणि अल्टरनेटरचेच डायोड जाऊ शकतात. शिवाय या तपासणीतून कळत काहीच नाही. एक डायोड गेलेला अल्टरनेटरही गाडी चालू ठेवतो.

प्रश्न : चालता चालता क्षणभर सगळे काटे शून्यावर येतात, इशाऱ्याचे सगळे दिवे एकदम लागतात, आणि पुन्हा सगळं जागेवर. इंजिनलाही एक गचका बसतो. कधी दिवसातून तीनदा, कधी आठवडाभर नाही.

उत्तर : असं झाल्यावर घड्याळ बघा. घड्याळाला थेट बॅटरीवरून कायमची वीज असते, बाकीच्यांना किल्लीच्या स्विचमधून. घड्याळ बारावर गेलं असेल किंवा ट्रिपचा आकडा पुसला असेल, तर वीज मुळातच तुटते आहे. बॅटरीचे क्लॅम्प हाताने पिळून बघा. हलले तर सापडलं. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, ब्रशने घासा, कोरडं करा, आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. त्यावरून थोडं पेट्रोलियम जेली. क्रम महत्त्वाचा आहे. निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होतो.

घड्याळ अचूक राहिलं असेल तर किल्लीच्या स्विचवर संशय घ्या. गाडी उभी आणि इंजिन चालू ठेवून किल्ली, बंद होणार नाही इतपत, हलकेच हलवा. काटे पडले की झालं. तुमच्या जुडग्यात किती किल्ल्या आहेत ते लिहिलं नाहीत, पण कपाटाची, कुलपांची आणि वर एक पितळी काहीतरी असेल, तर ते वजन रोज त्या स्विचला लोंबकळतंय. गाडीची किल्ली वेगळी करा. स्विचचा विजेचा भाग बऱ्याच गाड्यांत स्वतंत्र बदलता येतो, लॉक बदलावं लागत नाही.

गचके अलीकडे सुरू झाले असतील आणि त्याच्या आसपास रिव्हर्स कॅमेरा, म्युझिक सिस्टीम किंवा ट्रॅकर बसवला असेल, तर तिथून सुरुवात करा. वायर सोलून, पिळून, वर टेप गुंडाळलेले सांधे उन्हात सुटतात.

प्रश्न : जुन्या गाडीच्या मीटरमधले सगळे छोटे बल्ब काढून मी एलईडी लावले. छान पांढरा उजेड पडतो. पण आता डिमर फिरवला की ते लुकलुकतात, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर ॲक्सिलरेटर जोरात दाबेपर्यंत चार्जिंग होत नाही. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि तुमचं पत्र वाचून मला मजा वाटली. डिमर बल्बच्या करंटसाठी बनवलेला होता. एलईडी त्याच्या काही टक्के करंट घेतात, म्हणून त्या डिमरवर ते सारखे मंद होत नाहीत, मध्येच फडफडतात. डिमर पूर्ण उजेडावर ठेवलात तर थांबेल.

चार्जिंगचं कारण वेगळं. पुष्कळ जुन्या गाड्यांत बॅटरीच्या इशाऱ्याचा बल्ब नुसता इशारा नसतो. गाडी सुरू होताना अल्टरनेटरच्या रोटरला (आतल्या फिरत्या चुंबकाला) जागं करणारा पहिला थोडासा करंट त्याच बल्बमधून जातो. एलईडीतून तेवढा करंट जात नाही, म्हणून वेग वाढल्यावर उरल्यासुरल्या चुंबकत्वावर अल्टरनेटर स्वतःच जागा होईपर्यंत तुम्हाला थांबावं लागतं. तो एक बल्ब मूळचाच, त्याच वॅटचा, परत बसवा. बाकीचे एलईडी राहू द्यात, मला तो पांढरा उजेड आवडत नसला तरी.